हिरवी खूण

धरणाच्या बंद पडलेल्या इशाऱ्याच्या भोंग्याचा सुधारलेला प्रोग्रॅम बिल्ड होईना, म्हणजे चालवण्याजोगा तयारच होईना, त्या दिवशी उन्मेषला कळलं की त्याच्या वारलेल्या बायकोचं, केतकीचं काम हरवलंय.

"सर, केतकी मॅडमची लायब्ररी, त्यांनी लिहिलेला तो कोड, सापडत नाही," त्याची सहकारी मृण्मयी म्हणाली. "कॉन्फिगमध्ये, सेटिंगच्या फाइलमध्ये, अजून त्यांच्याच खात्याचा पत्ता आहे."

"ते खातं ती गेली तेव्हाच कंपनीने काढून टाकलं."

"मग वर्षभर बिल्ड कसं होत होतं?"

"मशीनच्या कॅशेमध्ये, तात्पुरत्या साठ्यात, जुनी प्रत होती. तीच वापरली जायची, म्हणून चुकीचा पत्ता कुणाला दिसलाच नाही."

मृण्मयीचा चेहरा उतरला. "अहो, डिस्क भरली म्हणून सकाळी मीच कॅशे पुसली. कचरा वाटला मला."

 बिल्ड झाल्याची हिरवी खूण पडद्यावर उमटली की उन्मेषला वाटायचं, केतकी अजून कामावर आहे.

धरण काठोकाठ भरलं होतं. दुपारी दरवाजे उघडणार होते. खालच्या गावांना फोन गेले, पण नदीत गुरं धुणाऱ्यांना कोण सांगणार?

उन्मेष ती लायब्ररी आठवेल तशी पुन्हा लिहू लागला. दरवाजे उघडायची वेळ झाली. भोंगा अजून दुरुस्त झाला नव्हता; नदीत उतरलेल्यांना इशारा न मिळताच पाणी सुटणार होतं.