खासदारांना आलेलं उत्तर

सांवेरच्या शेतावर उडती तबकडी पाहिली, असं गंगूबाईंनी सांगितल्यापासून सगळे त्यांना हसत होते. साठीत त्या अक्षरं शिकल्या, आकडे मात्र राहूनच गेले. तरी त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून खासदारांना दिला. खासदारांनी तो जसाच्या तसा सैन्याकडे पाठवला.

“आई, ‘नाही’ आलं तर डोक्याच्या डॉक्टरकडे चलायचं, बस!” मुलगा मनीष म्हणाला होता.

आज खासदारांकडून सैन्याचं उत्तर आलं. मनीषने मोठ्याने वाचलं, “‘तीन मार्चला दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी तिथे काहीही नव्हतं.’ देखा? चल आता.”

गंगूबाई जागच्या हलल्या नाहीत. पत्राला जोडून परत आलेला अर्ज त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला.

 

“मन्या, यात मी तारीख, वेळ काहीच लिहिलं नव्हतं रे.”