समोरचे दात
अमेरिकेतल्या कॅरोलायनात यादवीचं तिसरं वर्ष होतं. सक्तीच्या सैन्यभरतीच्या टेबलापुढे एनॉसने तोंड उघडलं; समोरचे चारही दात गेले होते. "घोड्याने लाथ मारली, डॉक्टरसाहेब." "मोठा हुशार घोडा! ओठाला धक्का न लावता दात काढतो!" रांगेतली माणसं खिदळली. डॉक्टरने कागदी काडतूस त्याच्या तोंडात कोंबलं. "फाड." कागद दातांनी फाडल्याशिवाय बंदूक भरता येत नाही, म्हणून दात नसलेल्याला सूट मिळते, असं गावात सगळे म्हणत. एनॉसचे दोन्ही भाऊ याच टेबलावरून गेले ते परतले नव्हते. त्याने चावून पाहिलं. कागद नुसता रक्ताने भिजला. "नाही जमत, साहेब. सूट लिहा." "लिहितो की. पायदळातून सूट." डॉक्टरने लेखणी बुडवली. "तोफखान्यात जा. तोफ दातांनी भरत नाहीत." घरी बायकोने रक्ताळलेली पक्कड धुऊन, त्याच्यासाठी मक्याची मऊ लापशी चुलीवर ठेवली होती.