दहातली तिसरी

"मॅडम, सात नंबर. माझ्या हातनं झालंय."

सिद्धेश्वरीने अजून खांद्यावरची पर्सही काढली नव्हती. ती तशीच प्रयोगशाळेतल्या मांडणीपाशी गेली. सात नंबरच्या बीकरमध्ये डॅफ्निया पाण्यावर आडवी पडून तरंगत होती. गोड्या पाण्यातला हा तिळाएवढा जीव. कवच इतकं पारदर्शक की आतली अंडी दिसावीत. त्या कवचाखाली आत्ता हवेचा बुडबुडा अडकला होता.

आदल्या संध्याकाळी चंद्रव्वाने बीकरमधलं पाणी बदललं होतं. ड्रॉपरचं तोंड पाण्याखाली नेऊन मगच जीव सोडायचा. वरून सोडला तर कवचात हवा शिरते आणि त्याला खाली जाता येत नाही. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला हे चंद्रव्वाच शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी ती टॉवेलच्या कारखान्यात कडेचे दोरे तपासत होती. आता ती बीकरमधली पिल्लं भिंगाशिवाय मोजायची. सिद्धेश्वरी नियम म्हणून भिंगाखाली पुन्हा मोजायची. आकडा तोच यायचा.

"ध्यान न्हवतं माझं," चंद्रव्वा म्हणाली. कारण सांगितलं नाही.

चाचणी एकवीस दिवसांची होती आणि आज अठरावा दिवस होता. शहराबाहेर एका रंगाच्या कारखान्यामागून ओढा वाहतो. त्याच्या पाण्यात दोन दिवस ठेवलेली एकही डॅफ्निया मेली नाही, असा कागद कारखान्याने मिळवला होता आणि तो सगळीकडे दाखवला होता. मग बिरुदेव नावाचा मेंढपाळ मोटारसायकलला कॅन बांधून त्याच ओढ्याचं पाणी घेऊन आला. मेंढ्या मरत न्हाईत, पर गाभ टिकत न्हाई, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणून ही लांब मुदतीची चाचणी. दहा बीकर स्वच्छ पाण्याचे, दहा ओढ्याच्या पाण्याचे. प्रत्येकात एक आई. झालेली पिल्लं रोज मोजायची आणि काढून घ्यायची.

स्वच्छ पाण्यातल्या आयांना सत्तरच्या वर पिल्लं झाली होती. ओढ्याच्या पाण्यातल्या दहाही आया जिवंत होत्या, पोहत होत्या, खात होत्या. पिल्लं मात्र कुणालाही विसाच्या वर नव्हती. येत्या गुरुवारी कारखान्याविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी होती. तिथे हा आकडा ठेवायचा होता.

फक्त स्वच्छ पाण्यातल्या दहापैकी दोनपेक्षा जास्त मरता कामा नयेत. मेल्या तर सगळी चाचणी रद्द. दोन आधीच गेल्या होत्या, आणि सात नंबर स्वच्छ पाण्यातलीच होती.

चंद्रव्वा स्टुलावर बसली. बारीक ड्रॉपरने तिने डॅफ्नियाच्या पाठीवर एक थेंब सोडला. थांबली. मग दुसरा. थेंबाच्या वजनाने जीव किंचित दबायचा आणि पुन्हा वर यायचा. सिद्धेश्वरी शेजारी उभी होती. बाहेर शिपाई आला, चहा ठेवून गेला, चहावर साय धरली. चाळीस मिनिटं चंद्रव्वाचा हात एकदाही हलला नाही. अखेर बुडबुडा सुटला आणि डॅफ्निया हळूहळू तळाला गेली.

सिद्धेश्वरीने बीकर अलगद हलवला आणि घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंदांत हालचाल दिसायला हवी. तिने पंधरा मोजले. मग नियमात नसतानाही आणखी पंधरा. तळाशी काहीच हललं नाही.

खालच्या फळीवर एक बरणी होती. याच आयांच्या त्याच दिवशी जन्मलेल्या, अगदी तशाच दिसणाऱ्या बहिणी त्यात राखीव ठेवल्या होत्या. सिद्धेश्वरीची नजर तिकडे गेली, आणि ती गेलेली चंद्रव्वाने पाहिली.

"निकाल तर दिसतोच आहे, चंद्रव्वा," सिद्धेश्वरी हलक्या आवाजात म्हणाली. "आपण खोटं काही सिद्ध करत नाही."

"दिसतोय तुमाला अन् मला. गुरुवारी तितं बसनाऱ्यांनी का म्हनून मानावं?" चंद्रव्वाने नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "लिवा. सात नंबर मेली. पानी बदलताना चूक. म्होरं माझं नाव लिवा, पुरं."

सिद्धेश्वरीने वेळ घातली, कारण घातलं. नाव लिहिताना ती जरा अडखळली. चंद्रव्वा अक्षरं निरखत उभी होती. मग तिने खाली सही केली आणि वीसच्या वीस बीकर धुवायला नेले. शीतकपाटात ओढ्याचे सहा कॅन गोठवून ठेवलेले होते. एका नव्या चाचणीला ते पुरणार होते.

बिरुदेवला फोन सिद्धेश्वरीनेच लावला. चाचणी रद्द झाली, गुरुवारी पुढची तारीख मागून घ्यावी लागेल, पुन्हा एकवीस दिवस लागतील, असं तिने सांगितलं. तिकडून नुसता मेंढ्यांचा आवाज येत राहिला. चंद्रव्वाने हात पदराला पुसले आणि फोन मागून घेतला.

"चूक माझी हाय, दादा. मॅडमची न्हाय."

बिरुदेवने विचारलं, मग ही चूक तुमी सोताहून सांगितली का कुनी धरली? सोताहून, ती म्हणाली. तवर कळप वरच्या माळाला न्हेतो, तो म्हणाला. चाल लई पडंल, पर तितलं पानी ओढ्याचं न्हाय.

मग म्हणाला, "आमच्या मेंढीला व्यायला पाच म्हैने लागत्यात, आक्का. तुमची एकवीस दिसांत सांगती. करा की परत."