चार घरटी, नऊ घरटी

"एका गावात दोन झाडं होती. एकावर चार घरटी, दुसऱ्यावर नऊ. पाणी एकालाच पुरेल. कुठलं झाड जगवाल?"

दुसरीतल्या लेकीचा, ओवीचा नीतिशास्त्राचा गृहपाठ पडद्यावर वाचताना शर्वाणीच्या मनात पाल चुकचुकली. नगरपालिकेचे निर्णय लहान मुलांच्या उत्तरांवर ठरू लागल्यापासून असे प्रश्न गोष्टीचा वेश घेऊनच येत. मुलं मतलबी नसतात ना! पण पालिकेला दोनपैकी एकच बालदवाखाना चालू ठेवायचाय, हे तिच्या कानावर आलं होतं. नदीच्या अलीकडे चारशे घरं, पलीकडे नऊशे. आणि तिच्या पाळण्यातल्या बाळाची छाती घरघरायची. दर आठवड्याला वाफ द्यायला त्याला अलीकडच्याच दवाखान्यात न्यावं लागे.

ओवीनं नऊ घरट्यांचं झाड निवडलं होतं.

"खोडून टाक ते. चारवालं लिही."

"का? तूच म्हणतेस, जास्त जण भुकेले असतील तिथं आधी वाढावं."

"शहाणपणा पुरे! त्या चार घरट्यांतली पिल्लं आजारी आहेत."

"असं कुठं लिहिलंय?"

"मी सांगते ना."

ओवीनं उत्तर बदललं. लगेच पडद्यावर पुढचा प्रश्न उमटला: 'हे उत्तर तुझं तुलाच सुचलं का?'

तिनं आईकडे पाहिलं. पलीकडच्या आया काय गप्प बसल्या असतील, असं मनाशी म्हणत शर्वाणीनं मान डोलावली.

ओवीनं 'हो' दाबलं. मग दाराकडे बघत हळूच विचारलं, "आई, हे बाबांनाही सांगायचं नाही ना?"