सदतिसावं वाक्य

कुशाबाने वाकून लिंबाएवढा दगड उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. सुनीतीने ते चहाच्या टपरीआडून पाहिलं. तक्रारीत नेमकं हेच लिहिलं होतं.

तक्रारी तीन होत्या, तीन वेगवेगळ्या माणसांच्या. गडावर एक म्हातारा मागे मागे येतो. बोलत नाही. आपण थांबलो की थांबतो. खिशात दगड असतात.

“जाऊन बघून ये,” तिचा साहेब निषाद हिंजवडीच्या ऑफिसात म्हणाला होता. “खरं निघालं तर फॉर्मवर खूण कर. पोलिसांत अर्ज देऊ. गडावर पाऊल टाकायची बंदी होईल त्याला.” मग जरा थांबून, “तुला ओळखतो ना तो? तोंड झाकून जा.”

न ओळखायला काय झालं! गेल्या वर्षी अकरा दिवस ती कुशाबाबरोबर हा गड चढली होती. तीस वर्षं तो लोकांना गड दाखवत आला होता. गडाचं एकेक वळण, एकेक गोष्ट तिने त्याच्याच आवाजात टिपून घेतली. चौऱ्याऐंशी वाक्यं. आता तो आवाज काडेपेटीएवढ्या डबीत बसला होता. डबी गळ्यात अडकवायची, इअरफोन कानात घालायचा. आपण कुठे पोचलो ते ओळखून ती बोलते. नाव ‘वाटाड्या’. ही डबी आल्यापासून कुशाबाला कुणी हाक मारली नव्हती.

सुनीतीला हे ठाऊक होतं. मारुंजीच्या फ्लॅटमध्ये जेवताना मध्येच आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

“ह्ये घ्या डबडं,” टपरीवाली लीलाबाई म्हणाली. डब्या देण्याघेण्याचं काम तिच्याकडे होतं. “एकल्याच व्हय? आन तोंडाला फडकं कशापायी?”

“ऊन लागतं.”

“आमाला न्हाई लागत जनू!” लीलाबाई हसली. “जावा बिगीबिगी.”

पहिल्या वळणावर मागून पावलं ऐकू आली. सुनीती थांबली. पावलं थांबली. ती निघाली, तशी पावलंही निघाली.

“आता पायऱ्या हायेत,” कानात कुशाबा बोलला. “मोजू नका. मोजल्या की वाढत्यात.”

या वाक्याला तो स्वतःच खदखदून हसला होता, ते हसू कापून टाकावं लागलं होतं. तिला आठवलं. बहुतेक वाक्यं त्याची स्वतःची होती, घडाघडा बोलला. थोडीच तिने लिहून नेली होती. त्यातल्या एका वाक्यावर, सदतिसाव्यावर, तो अडला. तिला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मग म्हणाला, “ह्ये आज नगं. दोन दिस द्या.” दोन दिवस तो गडावरच आहे एवढंच कळलं. तिसऱ्या दिवशी आला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. पाठ करत असेल, असं तिला वाटलं होतं.

कपार आली. दीड वीत रुंद वाट, धरायला एक तार, आणि खाली थेट धरणाचं निळं पाणी. सुनीतीने दोन्ही हातांनी तार धरली.

“खाली बघू नका,” डबी म्हणाली. “भिऊ नका. मी मागंच हाय.”

तिने मान वळवली. तो खरोखरच मागे होता. पंधरा हातांवर, कातळाला पाठ लावून. उजवा हात खिशात.

आपण ज्याचं काम हिरावलं तो माणूस, हातात दगड, आणि इथे तिसरं कुणी नाही. ती तार धरून कशीबशी पलीकडे गेली.

माथ्यावर रेंज होती. तिने फॉर्म उघडला. तक्रार खरी, तक्रार खोटी. आधी त्याचं काम नेलं, आता गडही न्यायचा? बोट अधांतरी राहिलं. तेवढ्यात मागे एक धोंडा गडगडला. तिने ‘खरी’वर बोट टेकवलं. फॉर्म गेला.

उतरताना त्याने बाजूला होऊन वाट दिली, नजर वर केली नाही. ती पुढे गेल्यावर पावलं पुन्हा मागे लागली.

खाली पोचून तिने डबी लीलाबाईच्या हातात दिली आणि वळून पाहिलं. कुशाबा मारुतीच्या चौथऱ्यापाशी उभा होता. खिशातला दगड काढून त्याने तिथल्या ढिगावर ठेवला. ढीग कमरेएवढा होता.

तिने तोंडावरचं फडकं ओढून काढलं. “काका, हे काय?”

“चालीवरनं वळखलं व्हतं मी,” तो हसला. “मानूस वर गेलं की दगड खिशात. खाली आलं की हितं. आमच्या बाची रीत. वर कोन ऱ्हायलं न्हाई पायजे.”

“पण लोक घाबरतात, काका. सांगत का नाही त्यांना?”

“मानूस नगं म्हनून तर डबडं घेत्यात. मदी कशाला बोलू?”

“मग जाता कशाला? आता हे तुमचं काम राहिलं नाही.”

टपरीवरून एक जोडपं गळ्यात डब्या अडकवून वाटेला लागलं. कुशाबाने वाकून दोन दगड उचलले.

“त्ये कपारीवरचं वाक्य, ‘मी मागंच हाय’, तुमीच लिवून आनलं व्हतं न्हवं, ताई?” तो म्हणाला. “म्हनून दोन दिस मागून घेतलं. म्हनलं, ह्या वयात रोज झेपंल का, आदी चढून बघू. झेपंल वाटलं, मंगच बोललो.”