दुर्कची हरकत

बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि दुर्कची हरकत अजून आली नव्हती. हिस्केने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

ल्यूवार्डन शहरातल्या त्या लहानशा कचेरीत तिच्या देखरेखीखाली ‘पोर्टवाख्तर’ची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात होती. संगणकांच्या जाळ्याच्या दारात बसून कोण आत येतं, कोण बाहेर जातं यावर नजर ठेवणारी ही फायरवॉल. ती फुकट मिळायची आणि तिचा कोड कुणीही उघडून बघावा. या खेपेला नवीन बरंच होतं. अपडेट फसलं तर एका बटणासरशी मागे येता येणार होतं. दारातून जाणाऱ्या प्रत्येक यंत्राचं नाव तिथल्या तिथे पडद्यावर दिसणार होतं. आणि यादीच्या तळाशी एक नाजूक कलम होतं: यंत्रांना पत्ते नेमून देणारा जुना भाग काढून टाकायचा.

तो भाग गेर्बेनचा, अजूनही तोच तो सांभाळायचा. पोर्टवाख्तर सुरू केली तीही त्यानेच, पंचवीस वर्षांपूर्वी. आता तो शहात्तरचा होता. एक डोळा गेलेला, आणि पडद्यासमोर बसणं थांबवलं नाही तर दुसराही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याची मुलगी रेन्स्के झुटफनला खोली सजवून वाट बघत होती. पण म्हातारा हटून बसला होता. दुर्कला वाऱ्यावर सोडून कसा येऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

पोर्टवाख्तरचा एक रिवाज होता. एखादा भाग काढायचा तर महिनाभर आधी फोरमवर सूचना लावायची. मुदतीत एकानेही हरकत घेतली तर तो भाग पुढच्या आवृत्तीपर्यंत राहायचा. गेली चार वर्षं हरकत घेणारा एकच, तो भाग आपण अजून वापरतो म्हणणारा फ्लीलांड बेटावरचा दुर्क.

त्याचं पहिलं पत्र ईमेलने आलं तेव्हा गेर्बेनची बायको हेलेना जाऊन तीन महिने झाले होते. त्याचा भाग कुणी वापरत नव्हतं आणि तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा. त्या पत्राने तो उठला. दुर्क तक्रारखोर, एकटा, मेंढ्यांना शिव्या घालणारा गडी. गेर्बेन त्याची पत्रं कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हसून हसून त्याला ठसका लागायचा. हिस्के तेव्हा मान खाली घालून साखरपावाला लोणी लावत बसायची.

या खेपेला मात्र तिने रेन्स्केला शब्द दिला होता, ही आवृत्ती तुझ्या बाबांची शेवटची. बारा वाजेपर्यंत फोरमवर काही आलं नाही की म्हातारा मोकळा होणार होता. त्याचा डोळा वाचणार होता.

अकरा छप्पन्नला तिचा सहकारी वीत्से हातातला केक तसाच धरून म्हणाला, “घ्या. आला तुमचा दुर्क.”

हिस्केचा चेहरा पांढरा पडला. “शक्यच नाही,” ती म्हणाली.

“का नाही? दर वर्षी येतो. ‘हरकत आहे. दुर्क, फ्लीलांड.’ या वेळी मेंढ्या नाहीत, बाकी तोच.”

फोरमचं यंत्र कचेरीतच होतं, आणि त्याच्या दारात नवी आवृत्ती सकाळपासून बसवलेली होती. हिस्केने तो नवा पडदा उघडला. अकरा छप्पन्नला वीत्सेच्या यंत्राखेरीज फोरमशी एकच यंत्र जोडलं गेलं होतं: गेर्बेनचा लॅपटॉप. वीत्सेच्या नजरेला पडण्याआधी तिने पडदा मिटला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

गेर्बेन ताकाचा पेला पुढ्यात घेऊन बसला होता. तिला बघताच तो ओशाळला.

“कळलं वाटतं तुला.”

“तुम्ही लिहिलंत?”

“फोरमच्या किल्ल्या अजून माझ्याकडे आहेत, कुणाच्याही नावाने लिहिता येतं. चुकलो मी. उभ्या आयुष्यात असलं काही केलं नव्हतं.” त्याने चष्मा काढून डोळा पुसला. “पण पोरी, दोन महिने झाले, त्याचा पत्ता नाही. छातीत दुखतंय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, असं शेवटच्या पत्रात होतं. मी सहा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. तो इस्पितळात असेल, घरी येईल आणि बघेल तर सगळं बंद. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला नको?”

गेर्बेनने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर सरळ केला. उद्या सकाळच्या बोटीचं तिकीट होतं.

“रेन्स्केला सांग, जाईन मी तिच्याकडे. काम सोडतो. फक्त एकदा त्याला भेटून येतो. बेटावर गाव एकच आहे, कुणीही घर दाखवेल.” त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. “हेलेना गेल्यावर त्या माणसाने मला उभं केलं, हिस्के. त्याला ते ठाऊकही नसेल. तोंडाने सांगायला हवं.”

हिस्के त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. चार वर्षांतलं दुर्कचं एकूण एक पत्र तिने याच टेबलाशी बसून लिहिलं होतं, शेवटचं आजारपणाचंसुद्धा.