खोक्यातली आई

सातवीतली निलम दिवसभर मोबाइलला चिकटलेली असते, म्हणून तिच्या आईनं, रुपानं, तो कपाटात कोंडला.

"आई, मी विज्ञानाचेच व्हिडिओ बघून राहिले होते!"

"मग आता हातानं कर की विज्ञान!"

निलमनं ते फारच मनावर घेतलं. आईची बटणं ठेवायचं बुटाचं खोकं तिनं रिकामं केलं, पुढून भोक पाडून जत्रेतलं भिंग बसवलं, मागून तेल लावलेला कागद चिकटवला आणि बापाला हाक मारली. देविदास डोक्यावरून चादर घेऊन अंगणात बसला आणि खोक्यात बघू लागला. कागदावर लिंबाचं झाड उलटं, शेळी उलटी, आभाळ खाली!

"आगं, सगळा तांडा खाली डोकं वर पाय!" तो लेकरासारखा ओरडला. आता काही केल्या तो चादरीतून बाहेर येईना.

तेवढ्यात रुपा तरातरा बाहेर आली. तिची बटणं तिला पिठाच्या डब्यात सापडली होती. कमरेवर हात ठेवून ती खोक्यासमोरच उन्हात उभी राहिली. रागानं तिच्या ओठांची टोकं खाली वळली होती.

"माझं खोकं काहून कापलं?"

निलम बापामागं दडली. चादरीतून बापाचा आवाज आला, "भिऊ नको गं, तुझी आई तर हसून राहिली!"

हे ऐकून रुपाला खरंच हसू फुटलं. कितीही दाबलं तरी थांबेना.

 

चादर थरथरली. "निलम, पळ! आता मात्र चिडली!"